गावाबाहेर पालं पडली की : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

दिवाळी ते चैत्र हा आपल्याकडे, सांगली-साताऱ्यात, पालं म्हणजे भटक्यांचे तंबू पडण्याचा काळ. साखर कारखाने सुरू असतात, जतची यल्लमा, पालचा खंडोबा, खरसुंडीचा सिद्धनाथ अशा जत्रा लागोपाठ येतात आणि भटक्या-विमुक्त समाजांबद्दलचे प्रश्नही याच दिवसांत आमच्याकडे साचतात. त्यांतले आठ इथे घेतले आहेत. काही खोचक आहेत. ते गुळगुळीत न करता तसेच ठेवले.

प्रश्न : युरोपातल्या जिप्सींवर एक माहितीपट पाहिला. ते मूळचे भारतातले, म्हणजे आपले लमाणच, असं त्यात सांगितलं. खरं का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, कराड

उत्तर : पहिला भाग खरा, दुसरा सिद्ध झालेला नाही. त्या लोकांना रोमा म्हणावं, कारण ‘जिप्सी’ हा शब्द ‘इजिप्शियन’वरून आला. हे लोक इजिप्तहून आले असा युरोपीयांचा गैरसमज होता, आणि तो नावात अडकून राहिला. ब्रिटनमध्ये काही जण स्वतःला अजून जिप्सी म्हणवतात, पण इतरत्र पुष्कळांना तो शब्द शिवीसारखा लागतो.

रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्येकडून निघाले. योहान रूडिगर या जर्मन अभ्यासकाने १७८२ मध्येच त्यांच्या भाषेचं भारतीय भाषांशी असलेलं नातं दाखवलं होतं. घरबसल्या पडताळायचं असेल तर त्यांचे आकडे मोठ्याने म्हणून पाहा : येक, दुइ, त्रिन, श्तार, पांज, शोव. दहाला ते ‘देश’ म्हणतात. मधले सात, आठ, नऊ मात्र एफ्ता, ओख्तो, एन्या असे आहेत, आणि ते सरळ ग्रीक आहेत. म्हणजे वाटेत ग्रीक बोलणाऱ्या मुलखात त्यांचा मुक्काम चांगलाच लांबला. नाक, कान आणि पाणी हे शब्द तर कराडच्या मंडईतही चालून जातील.

लमाणांचं म्हणाल तर त्यांची गोरबोली राजस्थानी बोलींच्या जवळची. मीठ आणि धान्य बैलांच्या तांड्यांवर लादून देशभर फिरवणं हा त्यांचा जुना व्यवसाय. घेरदार घागरे आणि दागिने दोन्हीकडे दिसतात म्हणून रोमा म्हणजे लमाण, असं म्हणता येत नाही. कपड्यावरून वंश ठरत नाही. आयर्लंडचे ‘ट्रॅव्हलर’ हेही फिरस्तेच, पण त्यांचा भारताशी काही संबंध नाही. ते आयरिशच आहेत, आणि २०१७ मध्ये त्या देशाने त्यांना वेगळा वांशिक समूह म्हणून मान्यता दिली.

आणखी एक समज दुरुस्त करायला हवा. युरोपात रोमांची संख्या एक ते सव्वा कोटीच्या घरात धरली जाते आणि त्यांतले बहुसंख्य आज घरं बांधून एका जागी राहतात. गाडी-घोडा घेऊन गाणी म्हणत फिरणारा रोमा मुख्यतः पडद्यावर उरला आहे. आजच्या रुमानियातल्या भागांत ते १८५६ पर्यंत गुलाम होते. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्वित्झच्या छळछावणीतला त्यांचा विभाग रिकामा करून हजारो जणांना विषारी वायूने मारण्यात आलं. आपल्या भटक्यांशी सारखेपणा दिसतो तो कायद्यात. इंग्लंडने १५३० मध्येच ‘इजिप्शियनां’ना देशाबाहेर काढण्याचा कायदा केला होता. त्याच इंग्रजांनी १८७१ मध्ये इथे काय केलं ते पुढच्या एका उत्तरात येईल.

प्रश्न : गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी ‘पोरं पळवणारी टोळी आली आहे, साधूच्या वेशात आहेत’ असा मेसेज येतो. खोटा असेल असं वाटतं, पण खरा निघाला तर? पुढे पाठवावा का?
— गृहिणी, जत तालुका

उत्तर : पाठवू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये तुमच्याच तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना जमावाने काठ्या-पट्ट्यांनी मारलं. ते पंढरपूरकडे निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, एवढंच. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव गेला. ते बहुतेक मंगळवेढ्याकडचे, म्हणजे तुमच्या शेजारचेच. भिक्षा मागत फिरत होते. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने त्या खटल्यात सात जणांना जन्मठेप सुनावली. दोन्हीकडे सुरुवात अशाच मेसेजने झाली.

खोटा मेसेज ओळखायला फार अक्कल लागत नाही. त्यात तारीख नसते, पोलीस ठाण्याचं नाव नसतं, हरवलेल्या मुलाचं नाव-वय नसतं. शेवटी ‘सर्व ग्रुपवर पाठवा’ एवढं मात्र असतं. खरंच मूल हरवलं असेल तर पोलिसांच्या निवेदनात फोटो, अंगावरचे कपडे, शेवटचं कुठे दिसलं ते ठिकाण आणि ठाण्याचा क्रमांक असतो. शंका असेल तर ११२ ला फोन करून विचारा. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांकही चोवीस तास चालू असतो.

या अफवेत भटकेच का सापडतात? गोसाव्याची कफनी आणि झोळी, वैदूचं गाठोडं, बहुरूप्याने घातलेला पोलिसाचा वेश, आपसात बोलायची वेगळी बोली, हे सगळं अफवेच्या साच्यात नेमकं बसतं. त्यात दुपारी कर्ती माणसं रानात असतात, गावात म्हातारी आणि पोरंच उरतात. नव्या माणसाला रस्ता विचारायचा तर पोरालाच विचारावा लागतो, आणि तेच त्याच्या अंगावर येतं.

समजा तुमच्यासमोर लोक जमू लागले. पहिला फोन ११२ ला, दुसरा पोलीस पाटलांना. मग त्या माणसांना गर्दीतून बाहेर काढा. इथे एक चूक फार महागात पडते. ‘ग्रामपंचायतीत बसवू, पोलीस येतील’ असं लोकांना सुचतं. राईनपाड्यात रविवारचा बाजार होता, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीतच नेलं होतं आणि त्या खोलीतच त्यांना मारलं गेलं. एक दाराची, बाजारतळाजवळची खोली म्हणजे सापळा. गाडी असेल तर थेट जवळच्या पोलीस ठाण्याकडे निघा. नसेल तर मागचं दार असलेलं, गल्लीच्या आतलं घर बघा आणि दारात गाव ज्यांचं ऐकतं अशी दोन-चार माणसं उभी करा. जमावासमोर आधार कार्ड तपासत बसू नका. परराज्याचा पत्ता मोठ्याने वाचला की आगीत तेल पडतं. व्हिडिओ काढू नका, दुसऱ्याला काढू देऊ नका. तो दहा मिनिटांत शेजारच्या गावात पोचतो आणि पुढच्या फाट्यावर दुसरा जमाव तयार असतो. ग्रुपचे ॲडमिन असाल तर त्या दिवसापुरतं ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ हे चालू करा.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) प्रमाणे पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून कुणाला ठार केलं तर त्यातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते. घबराट पसरवणाऱ्या खोट्या मजकुरासाठी कलम ३५३ आहे.

प्रश्न : स्पष्ट विचारतो, राग मानू नका. पारध्यांची पालं पडली की चोऱ्या होतात हा आमच्या भागातला अनुभव आहे. पोलिसांकडे त्यांचं रेकॉर्डही असतं. मग संशय घेतला तर चूक काय?
— दुकानदार, विटा

उत्तर : राग नाही, पण ‘रेकॉर्ड’ हा शब्द सोडवून पाहू. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारला अधिकार दिला की नुसत्या अधिसूचनेने अख्खी जमात गुन्हेगार ठरवता यावी. कुणी काही केलं असण्याची गरज नव्हती आणि त्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देता येत नव्हतं. माणसाचं नाव पटावर चढायचं, त्याला हजेरी द्यावी लागायची, गाव सोडायचं तर पास लागायचा. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवण्याचीही सोय केली. आपल्या भागातली बरीच कुटुंबं सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींना डांबण्यासाठीच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड राहिली. हा कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून ‘विमुक्त’ हे नाव, आणि म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन.

गंमत बघा. रामोशी हे आपल्याकडचे गावचे राखणदार. गावात चोरी झाली तर चोर शोधून द्यायचा, नाहीतर भरपाई करायची, ही त्यांच्यावरची जबाबदारी होती. तेही या यादीत गेले. पारध्यांचं नाव पारध, म्हणजे शिकार, यावरून पडलं. तित्तर, लाव्हरी, ससे धरून त्यांचं पोट चालायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते कामही गुन्हा झालं आणि बदल्यात हातात दुसरं काही कुणी दिलं नाही.

जुना कायदा गेल्यावर मुंबई राज्यात १९५९ चा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात एखाद्या व्यक्तीवर गुन्हे पुन्हा पुन्हा शाबीत झाले असतील तरच ती सराईत, जमात नव्हे. व्यवहारात काय होतं? चोरी झाली की सर्वांत जवळच्या पालावरून दोन पोरं चौकशीला उचलली जातात. त्यांची नावं कुठेतरी लिहिली जातात. पुढच्या चोरीला तीच नावं हाताशी असतात. पाच वर्षांत ‘रेकॉर्ड’ जाडजूड होतं, त्यात शिक्षा एकही नसते. तेव्हा कुणी रेकॉर्ड म्हटलं की विचारा : शिक्षा झालेली, खटला चालू असलेला, की नुसतंच बोलावलेलं? तिन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदाच्या प्रकरणात निकाल देताना विमुक्त समाजाच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलं आहे.

पारध्यांत चोर नसतातच असं नाही. ते कुठल्या समाजात नसतात? तुमच्या दुकानात चोरी झाली तर उपयोगाचं ते करा. कुलूप आणि कडी हाताळू नका, त्यावर ठसे असतात. सीसीटीव्हीचं चित्रण थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी प्रत काढून घ्या, शेजारच्या दुकानाचीही मागा. गेलेल्या मालाची यादी बिलांसह द्या. आणि फिर्यादीत डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहून घ्या. ‘पारध्यांनी केली’ असं लिहिलंत तर तपास पालावर जाऊन थांबतो आणि खरा चोर, तो आतला नोकर का असेना, मोकळा राहतो.

पालावरच्या वाचकांसाठीही दोन ओळी. अटकेचं कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं बंधनकारक आहे. सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी करायची तर महिला अधिकाऱ्याने, न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी काढून. स्त्रीला साक्षीसाठी किंवा विचारपूस करायला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या जागी यावं लागतं, आणि पाल हीसुद्धा राहती जागाच. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळे त्यांना अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण आहे. रामोशी, वडार आणि आपल्याकडच्या कैकाडी समाजाला ते नाही. हे बऱ्याच कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसतं आणि तक्रार चुकीच्या कलमाखाली लिहिली जाते.

प्रश्न : ओढ्याकाठी उतरलेल्या वडारांची तीन मुलं शाळेत येऊन बसतात. दाखला नाही, जन्मतारीख नाही, आधार नाही. पटावर घेऊ शकते का? आणि शिकवलेलं त्यांना कळत नाही, त्याचं काय?
— प्राथमिक शिक्षिका, वाळवा तालुका

उत्तर : घेऊ शकता नव्हे, घ्यावंच लागतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून, आणि कलम ५ प्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पालकाचं वयाबद्दलचं लेखी निवेदन घ्या. सही येत नसेल तर अंगठा आणि दोन साक्षीदार. कलम ४ प्रमाणे मूल वयाला अनुरूप वर्गात बसतं. नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीत घालू नका, तो आठवड्यात पळून जाईल. आधार नसलं तरी प्रवेश थांबवू नका, पोर्टलवरची नोंद नंतर पुरी करता येते. आधीची शाळा कुठली ते विचारा. बहुतेकांना गावाचं नाव सांगता येतं. त्या मुख्याध्यापकांना फोन केलात तर मुलाचा जुना विद्यार्थी क्रमांक मिळतो आणि दुबार नोंद टळते. इथून जाताना किती दिवस हजर होता आणि कुठपर्यंत शिकला हे एका कागदावर लिहून आईच्या हातात द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.

‘कळत नाही’ हे मात्र तपासून बघा. वडारांची घरची बोली तेलुगूच्या जवळची, कैकाड्यांची तमिळच्या घरातली, पारध्यांची गुजरातीसारखी. मूल गप्प असतं ते मराठी नवी आहे म्हणून. पहिले पंधरा दिवस त्याला वाचायला लावू नका. वर्गातल्या वस्तूंची त्याच्या बोलीतली नावं विचारा, फळ्यावर मराठीसोबत देवनागरीत लिहा. गणितात ही मुलं बरेचदा पुढे निघतात, कारण बाजारात हिशेब तेच करतात. आणि नाव लिहिताना जातीच्या रकान्यात आपल्या अंदाजाने काही भरू नका. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, आम्ही कैकाडी. जातीच्या दाखल्यासाठी १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात. माझ्या वडिलांचं आयुष्य टोपल्या विणत गावोगाव फिरण्यात गेलं, त्यांच्याकडे कसला कागद?
— पालक, मिरज

उत्तर : तारीख नेमकी सांगायची तर २१ नोव्हेंबर १९६१. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी हीच मानीव तारीख आहे, म्हणजे घराण्याचं वास्तव्य या दिवशीचं धरतात. त्या दिवशी तुमचं घराणं ज्या भागात वास्तव्याला होतं तिथल्या प्रांताधिकाऱ्यांकडून दाखला निघतो. म्हणून आधी मिरजेत धावपळ करू नका. वडील-आजोबा त्या सुमारास कुठे टेकले होते ते घरातल्या म्हाताऱ्यांकडून काढा. एखाद्या आत्याचं लग्न कुठे लागलं, आजोबांची माती कुठे झाली, असे प्रश्न विचारले की गाव सापडतं.

मग त्या गावी तीन ठिकाणी शोधा. एक, तहसील कार्यालयातला गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाची जन्म-मृत्यूची वही. पालावर जन्मलेल्या पोराची नोंदसुद्धा कोतवाल कधीकधी जातीसकट करायचा. दोन, शाळेचं जुनं जनरल रजिस्टर. वडील आठच दिवस शाळेत गेले असले तरी नाव सापडू शकतं, आणि वडिलांचं नाही सापडलं तर चुलते, चुलत आजोबा यांचं पाहा. तीन, सेटलमेंटमध्ये कुणी राहिलं असेल तर तिथल्या शाळेची नोंद. ज्या कागदाने आजोबांना डांबलं तोच नातीच्या कामी येतो, असंही घडतं.

सर्वांत भक्कम कागद म्हणजे बापाकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचं जात वैधता प्रमाणपत्र. भावकीत कुणाला मिळालं आहे का, हे पहिल्या दिवशी विचारा. त्याच्यापासून मुलीपर्यंतची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून जोडा.

अर्ज कुठे अडकतात? शाळेच्या दाखल्यावर नुसतंच ‘हिंदू’ असतं, किंवा मास्तरांनी गावात बहुसंख्य असलेली जात लिहून टाकलेली असते. वडिलांच्या दाखल्यावर ‘कैकाडी’, काकांच्या दाखल्यावर ‘कोरवी’ असा फरक असतो. गोसावी आणि जोशी यांच्या बाबतीत तर आडनाव कुठलं आणि जात कुठली यातच अधिकारी गोंधळतो. मुलगी अजून शिकत असेल तर तिच्या दाखल्यातली चूक शाळेमार्फत आत्ताच दुरुस्त करून घ्या, शाळा सोडल्यावर ते फार अवघड जातं. कागद काहीच सापडला नाही तर ‘पुरावा नाही’ म्हणून घरी परतू नका. स्थानिक चौकशी, म्हणजे गृहचौकशी करावी, असा लेखी अर्ज द्या. गावातल्या वृद्धांचे जबाब, कुलदैवत, बोली, चालीरीती, व्यवसाय यांची नोंद त्यात होते. अर्ज फेटाळला तर लेखी आदेश मागा, कारण ३० दिवसांत अपील करायचं असतं आणि तोंडी नकारावर अपील होत नाही.

विदर्भातले कैकाडी अनुसूचित जातीत, आपल्याकडचे विमुक्त जाती (अ) मध्ये, त्याला आरक्षण ३ टक्के. नागपूरकडच्या पाहुण्याचा दाखला पाहून अर्ज भरलात तर तो परत येणार. सोबत नॉन-क्रीमिलेअरचाही लागेल. वैधतेचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न पाहता, अकरावीतच महाविद्यालयामार्फत जायला हवा होता. आता निदान याच आठवड्यात घाला.

प्रश्न : गायरानात दहा-बारा पालं पडली आहेत. काही लोक हाकला म्हणतात. आम्ही सदस्यांनी नक्की काय करावं?
— ग्रामपंचायत सदस्य, तासगाव तालुका

उत्तर : हाकलल्याने ती शेजारच्या गावच्या हद्दीत जातात, तिथून पुन्हा तुमच्याकडे येतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, त्याला हद्द काय. पोलीस पाटलांना पाठवून कुटुंबप्रमुखाचं नाव, मूळ गाव, माणसं किती आणि मुक्काम किती दिवस हे लिहून घ्या. त्याचे पैसे घेऊ नका, काही ठिकाणी ‘पावती’च्या नावाखाली हा धंदा चालतो. पाण्याचा हिशेब करा. दहा कुटुंबं, घरटी पाच माणसं, माणशी ५५ लिटर धरलं तर दिवसाला २७५० लिटर होतं. एवढं भरेल इतका वेळ नळ सोडला तर भागतं. नाही सोडला तर बायका विहिरीवर जाणार, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. आशा ताईंना सांगून लसीकरणाची कार्डं आणि गरोदर बायांची नोंद करून घ्या. पालावर बाळंतपण झालं तर २१ दिवसांत तुमच्याच ग्रामपंचायतीत जन्मनोंद फुकट होते. वर्ष उलटलं की प्रकरण कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर जातं, आणि या मुलाच्या पुढच्या सगळ्या कागदांची रखडपट्टी तिथूनच लागते.

वर्षानुवर्षं तिथेच असतील तर मतदार नोंदणी करा. अर्ज नमुना ६. पत्त्याचा पुरावा नसलेल्या बेघर माणसासाठी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने (बीएलओ) रात्री येऊन तो खरोखर तिथे झोपतो का एवढं पाहायचं असतं. मतदान असलेल्या पालाकडे गावपुढारी वेगळ्या नजरेने बघू लागतात, हेही आहेच.

कायमच्या जागेसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. एक हेक्टरवर २० कुटुंबं, प्रत्येकी पाच गुंठे आणि २६९ चौरस फुटांचं घर, अशी तिची मूळ मांडणी. प्रस्ताव जिल्ह्याच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात जातो. अडतो मात्र गावातच, कारण ग्रामसभा जागा देत नाही. ‘सर्वोच्च न्यायालयाने गायरान द्यायला मनाई केली आहे’ असं कारण पुढे केलं जातं. २०११ चा तो निकाल आहे खरा, पण सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना दिलेली जमीन त्यानेच अपवाद म्हणून सांगितली आहे. निकालाचा तो परिच्छेद ग्रामसभेत वाचून दाखवा.

प्रश्न : नंदीवाल्याला किंवा कडकलक्ष्मीला दारात पसाभर जोंधळे घालणं गुन्हा आहे का? मुलगा म्हणतो, आहे.
— आजी, कवठे महांकाळ

उत्तर : आजी, घालणाऱ्यावर गुन्हा नाही. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा मागणाऱ्यासाठी आहे, आणि त्याने गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं हे सगळं भीक मागण्याच्या व्याख्येत कोंबलं आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी वासुदेव आणि डोंबारी एकाच माळेचे मणी. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली. तुम्ही जोंधळे घाला.

प्रश्न : कृष्णाकाठी रान आहे. माणदेशातले मेंढके दरवर्षी येतात. खतासाठी रात्री रानात मेंढरं बसवावीत तर शेजारी म्हणतात, पीक खातील, भानगडी होतील. कसं जमवावं?
— शेतकरी, पलूस तालुका

उत्तर : धनगरांची ही फिरती वर्षाच्या ठरलेल्या वाटेवरची असते. माण, आटपाडी, जतकडचा पाला संपला की दिवाळीनंतर नदीकाठ, पावसाच्या तोंडाला परत. तेव्हा ‘कोण कुठले’ हा प्रश्न यांच्याबाबत पडू नये. गेल्या साली कुणाच्या रानात बसले होते हे विचारलं की सगळी ओळख निघते.

बोली आधी करा : मेंढरं किती, रात्री किती, मोबदला धान्यात की पैशात. मेंढरं संध्याकाळी रान मोकळं असतानाच मोजून घ्या, नंतर ‘तीनशे सांगितली, दोनशेच आणली’ यावरून वाद होतो. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण, रोज रात्री पुढच्या पट्ट्यात सरकवायला सांगा. एकाच जागी दोन-तीन रात्री ठेवली तर तिथे लेंडीचा थर साचतो आणि बाकीचं रान कोरडं राहतं. बसवून झालं की दोन-चार दिवसांत हलकी कुळवाची पाळी द्या. लेंडी उन्हात वाळत पडली आणि मूत उडून गेलं तर निम्मा फायदा गेला.

पीक खाण्याची भांडणं बहुतेक बांध नीट न दाखवल्याने होतात. उजेडात बांधावरून फिरून हद्द दाखवा, शेजाऱ्यालाही बोलवा. आणि तुमच्याकडून दोन गोष्टी आवर्जून सांगा : कुठल्या पिकावर गेल्या पंधरा दिवसांत फवारणी झाली, आणि कापलेल्या ज्वारीला कुठे फुटवा आला आहे. कोवळ्या फुटव्यात विष असतं, मेंढरू खाऊन थोड्याच वेळात धापा टाकत पडतं. ते न सांगितल्यामुळे चार मेंढरं मेली, तर पुढच्या वर्षी तो वाडा, म्हणजे मेंढक्यांचा तो तळ, तुमच्या रानाला बसणार नाही.